बालगंधर्व

बालगंधर्व : (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७). मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट, स्त्रीभूमिकांचे अद्वितीय कलावंत आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’चे चालक. संपूर्ण नाव नारायण श्रीपाद राजहंस. राजहंस घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. नारायणरावांना गोड गळ्याची देणगी उपजतच होती. बालपणी जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडून त्यांना गायनाचे पहिले पाठ मिळाले. सु. १८९८ मध्ये पुणे येथे लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकले व कौतुकाने त्याचा ‘बालगंधर्व’ असा उल्लेख केला. हेच नाव पुढे त्यांना जन्मभर चिकटले. इतके, की साठी उलटल्यावरही महाराष्ट्राने त्यांना बालगंधर्व म्हणूनच ओळखले. गवयाच्या नावापुढे ‘गंधर्व’ हे पद लावण्याची मराठी मुलखातील पुढची प्रथा या एका उद्गारापासून रूढ झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

नारायणराव रंगभूमीवर आले, तो काळ समजून घेतल्याखेरीज त्यांच्या यशाचा उलगडा होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि पात्रांनी स्वतः पदे गाण्याची पद्धत स्थिर केली. तत्पूर्वीच्या विष्णुदासी नाटकात सूत्रधार व त्याचे साथीदार गात आणि पात्रे बहुधा आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. किर्लोस्करांनी लिखित संवाद व पदे यांचा मेळ घातल्यामुळे नटाकडून एकाच वेळी दोन गोष्टींची अपेक्षा होऊ लागली : त्याला अभिनय यावा आणि गाताही यावे. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या काळी अशक्यप्राय असल्याने नायिकेच्या भूमिकाही पुरुषच करीत. अशा नटांना ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. म्हणजे गळा, रूप, अंगलट आणि अभिनय या चारही गोष्टी एकाच तरुणाच्या ठिकाणी सापडाव्या लागत, आणि त्याही आवाज फुटून गेल्यानंतर टिकाव्या लागत. ⇨ किर्लोस्कर नाटक मंडळीला भाऊराव कोल्हटकरांच्या रूपाने असा नट लाभला होता. त्यांनी आरंभी स्त्रीभूमिका व पुढे पुरुषभूमिका गाजविल्या. १९०१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि मंडळीचा आधारच नाहीसा झाला. त्यांची जागा भरून काढील असा नट मंडळीला पुढील चार वर्षे मिळाला नाही.

याच सुमारास कोल्हापूरचे शाहू महाराज यांच्या कानांवर नारायणरावांचे गाणे पडले. मुलाला ऐकू कमी येते असे आढळल्यावर महाराजांनी त्याला कानाच्या उपचारांसाठी मिरज येथील डॉ. वानलेस यांच्या रुग्णालयात पाठविले. किर्लोस्कर मंडळीचा मुक्कामही त्या वेळी मिरजेस होता. या योगायोगातून १९०५ मध्ये नारायणराव मंडळीत दाखल झाले आणि मिरज येथेच शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम प्रेक्षकांसमोर आले. सतरा वर्षांच्या या मुलाने प्रेक्षकांची मने पहिल्याच प्रवेशापासून जिंकली.

मंडळीत त्यांना दोन मोठे गुरू लाभले. अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवल यांच्याकडे होती. देवल हे शारदा, मृच्छकटिक या नाटकांचे कर्ते म्हणून प्रसिद्ध असले, तरी तालीममास्तर म्हणून त्यांची योग्यता नाटककाराइतकीच मोठी होती. वाक्य कोठे तोडावे, नजर केव्हा उचलावी, पदर केव्हा सावरावा, पदाच्या आधीचे वाक्य कोणत्या स्वरात संपवावे म्हणजे गाणे भाषणातून सहज उमलल्यासारखे वाटेल, अशा बारीकसारीक गोष्टी ते नटांकडून घोटून घेत. गायनाची विद्या भास्करबुवा बखले यांनी दिली. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेल्या या थोर गवयाने नारायणरावांच्या गळ्याचा धर्म अचूक ओळखला. मैफलीतील गवई बनविण्याचा आग्रह न धरता रागाची शिस्त त्यांच्या हळुवार गळ्यात कशी मुरेल, याकडे त्यांनी लक्ष दिले. गुरूविषयीची नारायणरावांची निष्ठा अखेरपर्यंत ढळली नाही. बखले १९२२ मध्ये वारले. त्यानंतर त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी गंधर्व मंडळीच्या संगीताची धुरा सांभाळली.

किर्लोस्कर मंडळीत असताना नारायणरावांनी सुभद्रा, वसंतसेना यांसारख्या जुन्या नायिका नव्याने उभ्या केल्या आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या मूकनायक, गुप्तमंजूष, मतिविकार इ. नाटकांतील भूमिकाही केल्या. तथापि त्यांच्या कीर्तीचा खरा आरंभ कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या मानापमान या नाटकाने झाला. केसरीच्या संपादकवर्गातील या गंभीर प्रकृतीच्या लेखकाने तोवर गद्य नाटकेच लिहिली होती आणि त्यांच्या कीचकवध नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती. मानापमान हे त्यांचे पहिले संगीत नाटक. त्याला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. आधीच्या नाट्यपदांवर कीर्तन, लावणी, दिंडी, साकी आणि कर्नाटकी चाली यांची छाप असे. टेंब्यांनी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी आदी प्रकार मराठी पदात आणले. लहानलहान मुरक्यांनी शब्दांना वळसे देणारी ही गायकी नारायणरावांच्या गळ्याला जणू मापून शिवल्याप्रमाणे बसली.

या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईस झाला. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी मरण पावली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील लोकांना वाटले. परंतु जाहीर झालेला खेळ रद्द करून प्रेक्षकांना परत पाठविणे नारायणरावांना मान्य झाले नाही. त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही भूमिका ऐश्वर्यात वाढलेल्या, हट्टी व विनोदप्रिय तरुणीची आहे हे लक्षात घेतले, म्हणजे त्या रात्रीच्या प्रसंगाचे कठोरपण कळते. हा प्रसंग पुढे दंतकथेप्रमाणे सांगितला गेला आणि नटाच्या कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून त्याचा गौरव झाला. मात्र त्यामागे त्या काळच्या नाटक मंडळ्यांची एक व्यावहारिक बाजूही होती, तीही विसरता येत नाही. मंडळी म्हणजे एक मोठे फिरते बिऱ्हाड असे. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, नोकर अशा सर्वांचे पोट मुख्य नटाच्या उभे राहण्यावर अवलंबून असे. ही जाणीव नारायणरावांमध्ये फार लवकर मुरली आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तीच त्यांना बळ देत राहिली, तीच बाधकही ठरली.

मानापमानमध्ये धैर्यधराची भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर १९११ मध्येच वारले. त्यानंतर मंडळीच्या चालकांशी नारायणरावांचे मतभेद वाढत गेले. १९१३ मध्ये खाडिलकरांच्या विद्याहरणातील देवयानीची भूमिका गाजत असतानाच नारायणराव, टेंबे व गणपतराव बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. तिला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय लाभला. ही भागीदारी फार काळ टिकली नाही. टेंबे काही वर्षांतच निघून गेले, पाठोपाठ बोडसही दुरावले आणि १९२१ च्या सुमारास मंडळी एकट्या नारायणरावांच्या मालकीची झाली. मालकीबरोबर कर्जही त्यांच्याकडे आले.

१९१३ ते १९२१ हा मंडळीचा वैभवकाळ मानला जातो. देवलांचे संशयकल्लोळ त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये संगीत स्वरूपात रंगभूमीवर आले. त्यात बोडसांचा फाल्गुनराव व बालगंधर्वांची रेवती या जोडीने खेळकर विनोदाचा एक आदर्श निर्माण केला. त्याच वर्षी खाडिलकरांचे स्वयंवर आले. त्याचे संगीत भास्करबुवांचे. येथे मानापमानातील ठुमरीची जागा प्रामुख्याने ख्यालाने घेतली. प्रसिद्ध बंदिशींच्या आधारे बांधलेली ही पदे म्हणजे राग-संगीताचा घरगुती परिचय करून देणारी पाठशाळाच होती. यमन, भूप, भीमपलास, बागेश्री ही नावेही ज्यांनी ऐकली नव्हती, अशा हजारो श्रोत्यांच्या कानांत त्या रागांचे स्वरूप रुक्मिणीच्या पदांमधून भरले. महाराष्ट्रात अभिजात संगीताला राजदरबाराबाहेर जो मध्यमवर्गीय श्रोता मिळाला, तो घडविण्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे.

राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला हे नाटक बालगंधर्वांच्या कलेची वेगळीच कसोटी पाहणारे होते. त्याचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे झाला; तो पाहण्यास लेखक जिवंत नव्हता. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. दारूच्या व्यसनाने संसाराची राखरांगोळी करणाऱ्या सुधाकराची पत्नी सिंधू ही बालगंधर्वांची भूमिका. शालू, पैठणी व जडावाचे दागिने यांत शोभणारी नायिका पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांपुढे ते ठिगळ लावलेल्या लुगड्यात आले. जात्यावर दळणारी, मुलाला छातीशी धरून मूकपणे सोसणारी ही स्त्री त्यांनी अशा संयमाने उभी केली, की वेषभूषेचा थाट हाच त्यांच्या यशाचा पाया आहे म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळाले. बालगंधर्वांची सर्वश्रेष्ठ भूमिका कोणती याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. रुक्मिणीतील गाणे व भामिनीतील नखरा यांचे चाहते पुष्कळ आहेत. परंतु अभिनय म्हणून विचार करता सिंधूलाच अग्रमान द्यावा लागेल.

१९२० मध्ये खाडिलकरांचे द्रौपदी हे नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मयसभेचे दृश्य, मखमलीचे पडदे, भरजरी पोशाख यांसाठी पाऊण लाख रुपयांच्या घरात खर्च झाला असे सांगितले जाते. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. नाटक मात्र खर्चाच्या प्रमाणात चालले नाही. बालगंधर्वांना पैशाचा हिशेब कधी कळला नाही असे नेहमी म्हटले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. उत्तम तेच प्रेक्षकांपुढे ठेवावयाचे ही त्यांची धारणा होती. अत्तर, गालिचे, उंची वस्त्रे, नामांकित साथीदार, मंडळीतील सुग्रास पंगती या साऱ्या गोष्टी त्या धारणेतून आलेल्या होत्या. सारंगीवर कादरबक्ष व तबल्यावर अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे वादक नाटकाच्या साथीला बसविणे हा व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणा असेल, पण खेडोपाडीच्या प्रेक्षकाला त्या तोडीची साथ दुसरीकडे कोठे ऐकावयास मिळणार होती? प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत. सहकारी, पाहुणा, नोकर सर्वांना ‘देवा’ अशी हाक मारीत. हा केवळ लाघवी बोलण्याचा भाग नव्हता. आपले कर्ज आपण गाऊन फेडावयाचे असा त्यांचा निर्धार होता आणि १९२१ नंतरची कित्येक वर्षे त्यांनी गावोगाव प्रयोग करून तो बहुतांशी पाळलाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालीवाला नाट्यगृहात झालेला ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासातील एक अपूर्व घटना होय. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर असा तो योग होता. दोघांच्या गायकीतला फरक श्रोत्यांना एकाच रात्री शेजारी-शेजारी ऐकावयास मिळाला. केशवरावांचा आवाज पल्लेदार, चढा आणि तडफदार. तान जोरकस व फेकीची. बालगंधर्वांचे गाणे नाजूक, लयीला कुरवाळणारे, मनात झिरपत जाणारे. कोण वरचढ ठरले यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झडत राहिले. पैजेचे स्वरूप येऊनही दोघा नटांनी परस्परांचा आब राखला, ही गोष्ट त्या वादात बहुधा विसरली जाते. या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचा वयाच्या एकतिसाव्या वर्षी अंत झाला.

बालगंधर्वांच्या गायकीचे मर्म शब्दांत पकडणे कठीण आहे. त्यांचा आवाज पातळ अथवा बायकी नव्हता. ओढूनताणून काढलेल्या खोट्या स्वरात ते गात नसत. मूळचा मृदू, गोलाईदार व सुरेल पुरुषी आवाजच ते अशा हळुवारपणे लावीत, की ऐकणाऱ्याला त्यात स्त्रीत्वाचा भास व्हावा. स्वराचा नेमकेपणा विलक्षण होता. तानांचा भडिमार ते टाळीत. छोट्या हरकती, मुरक्या, खटके आणि मींड यांवर त्यांचा भर असे. त्यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य लयीत होते. शब्द ते ठेक्यावर बसवीत नसत, तर ठेक्याच्या किंचित मागेपुढे सोडून समेवर अवचितपणे, पण बिनचूक येत. त्यामुळे पद हे तालात गाइले जात असूनही बोलल्यासारखे वाटे. पदातील प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू येई. एकच ओळ ते अनेक वेळा घोळवीत आणि दर वेळी तिच्या अर्थाची निराळी छटा उलगडीत. नाट्यपद ही ख्यालाची लहान प्रतिकृती नसून एक स्वतंत्र गानप्रकार आहे, हे त्यांच्या गाण्याने सिद्ध झाले. ऑर्गन, सारंगी व तबला यांच्या मेळाने नाट्यसंगीताला जो विशिष्ट नाद आला, तोही गंधर्व मंडळीतच स्थिरावला.

स्त्रीभूमिकांतील त्यांचे यश हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सोंग म्हणून स्त्रीवेष घेणारे नट पुष्कळ होते. बालगंधर्वांनी त्या वेषाला अभिरुची दिली. लुगडे नेसण्याची त्यांची ढब, अंबाड्यात फुले माळण्याची तऱ्हा, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी केले. पुरुषाने रंगविलेली स्त्री ही प्रत्यक्षातील स्त्रियांचा आदर्श ठरावी, यातील विपरीतपणा त्या काळी फारसा कोणाला खटकला नाही. त्यांच्या छायाचित्रांचा उपयोग मालाच्या जाहिरातींसाठीही होत असे. एका दृष्टीने त्यांनी मध्यमवर्गीय स्त्रीला प्रसाधनाचा व रसिकतेचा आत्मविश्वास दिला. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल, की लाजणारी, सोसणारी, रुसवा धरून शेवटी शरण जाणारी स्त्री हेच स्त्रीत्वाचे रूप त्यांच्या मोहिनीमुळे रंगभूमीवर दीर्घकाळ टिकून राहिले. प्रत्यक्ष स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास जो उशीर झाला, त्याच्या कारणांत सामाजिक बंधने प्रमुख होती हे खरे. परंतु बालगंधर्व असताना दुसरी नायिका हवी कशाला, ही प्रेक्षकांची समजूतही त्यास काही अंशी कारणीभूत झाली असावी.

त्यांच्या पद्धतीतील दोष समकालीनांनाही दिसत होते. रात्री सुरू झालेला खेळ ‘वन्समोअर’च्या वर्षावात पहाटेपर्यंत लांबे. नाटककाराने बांधलेला प्रसंग पदाच्या जागी थबके आणि कथानकाचा ओघ सुटे. प्रेक्षक नाटकाला न जाता गाण्याला जाऊ लागले व पदांची संख्या हेच नाटकाचे मोल ठरू लागले. बालगंधर्वांजवळ संयम व प्रतिभा असल्यामुळे हे त्यांच्या बाबतीत क्षम्य वाटे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती मात्र संगीत नाटक म्हणजे पदांची माळ एवढेच शिल्लक राहिले.

१९२१ नंतर मंडळीने खाडिलकरांची मेनका (१९२६) व सावित्री (१९३३), वसंत शांताराम देसाई यांची विधिलिखित (१९२८) व अमृतसिद्धी (१९३३) इ. नाटके केली. त्यांपैकी नारायण विनायक कुलकर्णी यांच्या कान्होपात्रा (१९३१) या नाटकाने मोठे यश मिळविले. मास्टर कृष्णरावांच्या चालींतील अभंग बालगंधर्वांच्या कंठातून भजनाच्या वाटेने थेट वारकरी श्रोत्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या कलेला या नाटकापासून भक्तिरसाचे वळण लागले आणि उतारवयात हेच वळण त्यांचा विसावा बनले.

परिस्थिती मात्र झपाट्याने पालटत होती. १९३२ मध्ये अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला आणि दोन-अडीच तासांत, थोड्या पैशांत, गाण्यासह करमणूक मिळू लागली. नाटकगृहे चित्रपटगृहे बनू लागली. १९२९ पासून हिराबाई बडोदेकर स्वतःच्या संस्थेमार्फत स्त्रीभूमिका करू लागल्या होत्या. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने आंधळ्यांची शाळा रंगभूमीवर आणून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडून करविण्याचा, मोजकी पदे व वास्तव नेपथ्य वापरण्याचा नवा पायंडा पाडला. बालगंधर्वांचे वय तोवर पंचेचाळीस झाले होते. शरीर स्थूल झाले होते, गळा मात्र तसाच होता. कर्जाचा बोजा पुन्हा वाढला आणि अखेर मंडळीचा कारभार थांबवून त्यांनी प्रभात फिल्म कंपनीशी करार केला.

व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या धर्मात्मा (१९३५) या बोलपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या या चित्रपटाचे मूळ नाव महात्मा असे होते. ते परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. भूमिका पुरुषाची, चित्रण तुकड्यातुकड्यांचे आणि समोर प्रेक्षक नाही, अशा परिस्थितीत बालगंधर्व रमले नाहीत. श्रोत्यांच्या प्रतिसादावर पोसलेल्या या गायकाला मोजून दिलेल्या तीन मिनिटांत पद संपविणे जाचक वाटले असल्यास नवल नाही. पुढील चित्रपटांचा बेत सोडून ते बाहेर पडले. बाबूराव पेंटर यांच्या साध्वी मीराबाई (१९३७) या चित्रपटात ते मीरेच्या भूमिकेत दिसले. परंतु रंगमंचाच्या प्रकाशात व अंतरावरून जो भ्रम सहज निर्माण होई, तो कॅमेऱ्यापुढे टिकला नाही. चित्रपटाला यश लाभले नाही.

त्यानंतर त्यांनी मंडळी पुन्हा उभी केली. या टप्प्यात गोहर कर्नाटकी ही गायिका त्यांच्या संस्थेत आली. पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांची ही बहीण. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी एकलव्याप्रमाणे आत्मसात केली होती. त्या नायिकेच्या भूमिका करू लागल्या व बालगंधर्व पुरुषभूमिकांकडे वळले. या नात्यामुळे त्यांचे अनेक जुने स्नेही व सहकारी दुरावले, समाजातून टीकाही झाली. पहिली पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या; १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. धर्मभेदामुळे झालेल्या टीकेची धार आज ओसरली आहे. पडत्या काळात, पैसा व प्रतिष्ठा दोन्ही ओसरलेली असताना, गोहरबाईंनी त्यांची केलेली सेवा ही वस्तुस्थिती त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आली नाही. गोहरबाईंचे १९६४ मध्ये निधन झाले.

अखेरच्या वर्षांत बालगंधर्वांच्या पायांतील शक्ती गेली. त्यांना उचलून बैठकीवर आणून बसवावे लागे. पण एकदा साथ सुरू झाली, की अभंगाच्या पहिल्या स्वराला श्रोते पूर्वीसारखेच भारावत. स्त्रीभूमिकेत ते उतारवयातही क्वचित उभे राहिले. थकलेले शरीर, ढासळलेले रूप आणि समोर अश्रू ढाळणारे प्रेक्षक, असे त्या प्रयोगांचे चित्र होते. हे प्रयोग व्हावयास नको होते असे काहींना वाटे. त्यांच्या चरितार्थाला दुसरे साधन नव्हते, हेही त्याबरोबर ध्यानात घेतले पाहिजे. ज्या रंगभूमीवर एकेकाळी सोने उधळले गेले, तिच्याजवळ वृद्ध नटासाठी निवृत्तिवेतनाची कोणतीही व्यवस्था नव्हती.

सन्मान मात्र उशिरा का होईना, मिळाले. संगीत नाटक अकादमीने १९५५ मध्ये मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. १९६० मध्ये विष्णुदास भावे गौरवपदकाचे ते पहिले मानकरी ठरले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ हा किताब दिला. १५ जुलै १९६७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

बालगंधर्वांचे प्रत्यक्ष शिष्य थोडे. त्यांची छाया मात्र फार दूरवर पसरली. छोटा गंधर्व, राम मराठे, जयमाला शिलेदार इत्यादींनी त्यांची गायकी आपापल्या वळणाने रंगभूमीवर चालू ठेवली. हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांच्यासारख्या मैफलीतील कलावंतांवरही तिचा संस्कार झाला. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमातून त्या गायकीचा शोध घेतला. तो अनुकरणाचा नमुना नसून एका प्रतिभावंताने दुसऱ्याचे केलेले वाचन होते, म्हणून त्याचे महत्त्व विशेष आहे. २०११ मध्ये रवी जाधव यांनी बालगंधर्व हा चरित्रपट काढला. त्यात सुबोध भावे यांनी नायकाची भूमिका केली, तर पदे आनंद भाटे यांनी गायिली. या गायनासाठी भाट्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी तोवर जवळजवळ नाहीशी झाली होती. नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यास मुख्यतः त्यांच्या ध्वनिमुद्रिकाच साधन ठरल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या या तबकड्यांत त्यांच्या रंगमंचावरील विस्ताराची कल्पना येत नाही. तथापि शब्द व लय यांच्या त्या खेळाची खूण त्यांतही स्पष्ट पटते.

पुणे महानगरपालिकेने संभाजी उद्यानाजवळ बांधलेल्या नाट्यगृहाची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली. पूर्ण झालेली वास्तू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या निधनानंतर २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, ‘बालगंधर्व रंगमंदिर’ या नावाने तिचे उद्घाटन झाले. तेथे चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे लावण्यात आली : एक पुरुषवेषातील आणि दुसरे स्त्रीवेषातील.